उड्डाणानंतरचे पहिले मिनिट



पेडणे तालुक्यातील केरीचा सडा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. समोर समुद्र, खाली काळे खडक, उत्तरेला तेरेखोल नदीचे मुख आणि पलीकडच्या तीरावर किल्ला. पावसाळा सरला की समुद्रावरून येणारा वारा या सड्याच्या कड्यावर आदळतो आणि वर चढतो. या वर चढणाऱ्या वाऱ्याच्या आधारानेच तेथे पॅराग्लायडर उडतात. डिचोलीकडील मुलांनी हे दृश्य सहलीला आल्यावर तरी नक्की पाहिले असेल.

१८ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी संध्याकाळी, याच सड्यावरून एक पॅराग्लायडर उडाला. त्यात पुण्याहून आलेली एक पर्यटक तरुणी होती आणि तिला घेऊन उडणारा एक तरुण प्रशिक्षक होता. उड्डाण होते न होते तोच पॅराग्लायडर खालच्या घळीत कोसळला आणि दोघांचाही मृत्यू झाला. उडताच एक दोर तुटला, असे त्या वेळच्या बातम्यांत पोलिसांच्या हवाल्याने आले होते. परवाना नसताना आणि पुरेशी साधने नसताना उड्डाण करू दिल्याबद्दल पोलिसांनी चालकावर गुन्हा नोंदविला. त्याच दोन-तीन दिवसांत हिमाचल प्रदेशातही पॅराग्लायडिंगचे जीवघेणे अपघात झाले.

ही बातमी वाचून आपल्याकडे बहुतेकांनी दोनच गोष्टी म्हटल्या. एक, 'दोर तुटला, नशीब वाईट.' आणि दुसरी, 'असले खेळ खेळावेतच कशाला?' मला या दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. दोर तुटणे ही घटना झाली. पण ती उडल्याबरोबर घडली म्हणजे काय, हे समजून घेतले तर या अपघातातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आणि मोपा येथे विमानतळ आल्यापासून हा विषय आपल्या घराच्या छपरापर्यंत येऊन पोचला आहे. म्हणून या अंकात विमान उडते कसे यापेक्षा, उडाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ते का पडते, याचा अभ्यास करू.

प्रथम एक शंका दूर करू. पॅराग्लायडरला विमान म्हणावे काय? रोजच्या बोलण्यात आपण म्हणत नाही. पण कायद्याची व्याख्या पाहा. १९३४ चा विमान कायदा आणि त्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम, या दोन्हींत हवेच्या प्रतिक्रियेमुळे आधार मिळवून वातावरणात राहणारे यंत्र ते विमान, अशा अर्थाची व्याख्या आहे. तिच्यात फुगे येतात, ग्लायडर येतात आणि, गंमत म्हणजे, पतंगही येतो. संक्रांतीला तुम्ही उडविता तो पतंगही व्याख्येपुरता विमानांच्याच कुळातला! हवेला कायद्याची पुस्तके वाचता येत नाहीत, तरी या बाबतीत तिचेही मत तेच आहे. कापडाचा पंख असो, ॲल्युमिनियमचा असो की घारीचा असो, नियम एकच.

तो नियम घरीच पाहता येतो. टेबल पंखा लावा आणि एक जाड पुठ्ठा दोन्ही हातांनी पंख्यासमोर आडवा धरा. पुठ्ठ्याची पुढची कड किंचित वर करा. पुठ्ठा वर उचलला जात आहे असे हाताला जाणवेल. पंखाने वारा खाली वळविला की वारा पंखाला वर ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही नववीत शिकला आहात तोच हा. आता कड आणखी वर करा. उचल वाढेल, पण त्याचबरोबर पुठ्ठा मागेही ढकलला जाऊ लागेल. आणखी वर केली की एका क्षणी उचल एकदम ढासळते आणि फक्त मागे ढकलणे उरते. पंखावरून सुरळीत वाहणारी हवा तेथे पंखाला सोडून देते आणि मागे नुसते भोवरे उरतात. सर्वसाधारण विमानाच्या पंखाच्या बाबतीत हे पंख आणि समोरून येणारा वारा यांच्यात सुमारे १५ अंशांचा कोन झाला की घडते. वैमानिक याला 'स्टॉल होणे' म्हणतात. मोटार स्टॉल होते तेव्हा इंजिन बंद पडते. विमान स्टॉल होते तेव्हा इंजिन चालूही असू शकते. बंद पडतो तो पंख.

या स्टॉलने घेतलेला एक प्रसिद्ध बळी म्हणजे ओटो लिलिएनथाल. हा जर्मन अभियंता इंजिनाशिवाय, स्वतः बांधलेल्या पंखांवर टेकडीवरून उडत असे. पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली. म्हणजे आजच्या भाषेत तो आपल्या केरीच्या सड्यावरच्या मंडळींचा मूळ पुरुष. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच्या ग्लायडरचे नाक वर गेले, पंख स्टॉल झाला आणि तो सुमारे १५ मीटरवरून खाली आला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. राईट बंधूंनी त्याचे लिखाण बारकाईने अभ्यासले होते आणि त्याच्या मृत्यूनेच त्यांचे लक्ष या विषयाकडे ओढले गेले.

पंधरा मीटर म्हणजे किती? चार-पाच मजली इमारत. यात खरी मेख आहे. स्टॉल झालेला पंख पुन्हा कामाला लावता येतो. त्यासाठी नाक खाली करायचे, वेग घ्यायचा, हवा पुन्हा पंखाला धरते. पण नाक खाली करायचे म्हणजे उंची खर्च करायची. ज्याच्याजवळ पाचशे मीटर उंची आहे त्याला हा खर्च परवडतो. ज्याच्याजवळ पंधरा मीटर आहेत त्याच्याजवळ खर्चायला काही नाही. उंची म्हणजे वैमानिकाची गाठीची पुंजी, आणि उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात त्याची गाठ रिकामी असते.

थोडे गणित करू; आठवी-नववीच्या मुलांना जमेल असे आहे. एखादी वस्तू सरळ खाली पडली तर ४५ मीटर पडायला तिला जवळजवळ ३ सेकंद लागतात आणि खाली पोचताना तिचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक झालेला असतो. हवेचा अडथळा येथे धरलेला नाही. पॅराग्लायडर चालकाजवळ एक राखीव छत्री असायला हवी, ती हाताने ओढून बाहेर फेकावी लागते. काय झाले हे उमजायला एक सेकंद, हात मुठीपर्यंत जायला एक सेकंद, छत्री बाहेर पडून फुगायला आणखी काही सेकंद. उंचावर हीच छत्री जीव वाचविते. कड्याच्या तोंडाशी तिला उघडायला अवकाशच मिळत नाही. म्हणून 'राखीव छत्री होती की नव्हती' हा प्रश्न योग्य असला तरी पुरेसा नाही.

आता इंजिनाच्या हलक्या विमानाकडे वळू. सेसना १७२ हे चार आसनांचे विमान जगभरच्या उड्डाण शाळांत दिसते. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी मुले-मुली उड्डाण शिकतात. आपल्या तालुक्यातील एखादी मुलगी उद्या तेथे जाईल, तिच्यासाठीही हे गणित उपयोगाचे. या विमानाचे वजन भरलेल्या स्थितीत सुमारे ११०० किलो. चढताना त्याचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर असतो आणि ते दर सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास उंची मिळविते. म्हणजे १५० मीटर उंचीवर पोचायला चाळीस-बेचाळीस सेकंद लागले. तेवढ्या वेळात ते जमीन सोडली त्या बिंदूपासून सुमारे दीड किलोमीटर पुढे आलेले असते.

येथे इंजिन बंद पडले असे समजा.

विमान दगडासारखे पडत नाही, हे पहिले लक्षात घ्या. ते ग्लायडर होते. एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे १५० मीटर उंचीवरून त्याला फार तर १३५० मीटर जाता येईल, आणि त्याला सुमारे चाळीस सेकंद मिळतील. वैमानिकाचे मन काय म्हणते? 'मागे फीर, धावपट्टी मागेच आहे.' आपलेही मन तेच म्हणेल. पण नेहमीच्या सौम्य वळणात विमान दर सेकंदाला तीन अंश वळते. अर्धे वर्तुळ म्हणजे १८० अंश, म्हणजे साठ सेकंद. हाताशी आहेत चाळीस. मग वळण जोरात घ्यायचे काय? तेथे दुसरा सापळा आहे. विमान एका बाजूला कलंडून वळते तेव्हा पंखाला विमानाचे वजनही पेलायचे असते आणि विमानाला वळवायचेही असते. साठ अंश कलंडले तर पंखावरचा भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाखाली पंख स्टॉल होतो तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ८८ किलोमीटर वेगाला स्टॉल होणारे विमान आता १२४ ला स्टॉल होईल. आणि इंजिन नसताना त्याचा वेग असतो साधारण १२०. म्हणजे जीव वाचविण्यासाठी घेतलेल्या वळणातच पंख हवा सोडतो.

म्हणूनच उड्डाण शाळांत शिकविले जाते की, उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले तर नाक खाली करा आणि समोर, डावी-उजवीकडे थोडेफार वळून, जे काही मोकळे असेल तेथे उतरा. शेत असो, कुरण असो, खाजण असो. विमान मोडेल, माणसे बहुधा वाचतील. हे सांगणे सोपे आहे. जमीन अंगावर येत असताना नाक आणखी खाली करणे हे माणसाच्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. ते सवयीनेच येते, आणि सवय ही जमिनीवर आणि उंचावर, प्रशिक्षकाबरोबर पुन्हा पुन्हा करूनच लागते.

मोठ्या विमानांतही तर्क तोच. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या विमानावर दीड-दोन मिनिटांतच पक्ष्यांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. उंची होती सुमारे साडेआठशे मीटर. कप्तान सलेनबर्गर यांनी मागे न फिरता विमान हडसन नदीत उतरविले. १५५ पैकी १५५ माणसे वाचली. नंतर चौकशीत सिम्युलेटरवर प्रयोग केले गेले. पक्षी आदळताच क्षणाचाही विचार न करता वळले तर विमान परत पोचू शकत होते. पण काय झाले हे समजून घ्यायला लागणारी ३५ सेकंदे धरली, तर ते धावपट्टीपर्यंत पोचले नाही. निकाल लावणारी गोष्ट होती ती ही पस्तीस सेकंदे. साडेआठशे मीटरवर असा हिशेब, तर दीडशे मीटरवर काय, हे तुम्हीच ताडा.

आपल्या आसपासचे दोन प्रसंग. ४ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कोचीच्या नौदल तळावरून नेहमीच्या सरावासाठी उडालेले नौदलाचे इंजिन असलेले ग्लायडर थोड्याच वेळात पुलाजवळ कोसळले आणि त्यातील दोन्ही नौसैनिक मरण पावले. हा हलक्या विमानाचा अगदी नमुनेदार अपघात. दुसरा आपल्या गोव्यातलाच. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी दाबोळीहून उडालेल्या नौदलाच्या मिग-२९के या लढाऊ विमानाला पक्ष्यांचा थवा आडवा आला. एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याला आग लागली. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर वळविले आणि मगच बाहेर उडी घेतली. विमान वेर्णा भागात उघड्या खडकाळ सड्यावर पडले. जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही, दोघे वैमानिकही वाचले. लढाऊ विमानात आसनासकट बाहेर फेकले जाण्याची सोय असते. ती पर्यटकाच्या पॅराग्लायडरला नाही, सेसनालाही नाही.

मग उपाय कोणता? पहिल्या मिनिटात वैमानिकाच्या हातात फार थोडे असते, असे आपले गणित सांगते. त्यामुळे जे काही करायचे ते त्या मिनिटाच्या आधी, जमिनीवर करावे लागते. हलक्या विमानाचा वैमानिक उडण्यापूर्वी विमानाला पूर्ण प्रदक्षिणा घालतो. त्यातील एक काम मला फार आवडते. तो पंखातील टाकीच्या तळातून पारदर्शक पेल्यात थोडे पेट्रोल काढतो आणि उजेडासमोर धरून पाहतो. या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलला निळसर रंग दिलेला असतो. हवेतील दमटपणामुळे टाकीत पाणी जमले असेल तर ते पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे पेल्याच्या तळाशी वेगळे दिसते. कोकणातल्या हवेत तर ही तपासणी हवीच. पेलाभर पेट्रोल आणि दोन मिनिटे वेळ. हेच पाणी इंजिनात शंभर मीटर उंचीवर पोचले, तर त्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

पॅराग्लायडरला इंजिन नाही, टाकी नाही. त्याचे सारे आयुष्य कापडात आणि बारीक दोऱ्यांत आहे. पंखाला ताठ सांगाडा नसतो. पुढच्या कडेच्या कप्प्यांत हवा शिरते आणि तीच त्याला आकार देते. तो आकार दोऱ्या धरून ठेवतात. ऊन, खारा वारा, वाळू आणि खडकावरचे घासणे या चार गोष्टींनी दोऱ्या झिजतात. आपल्या किनाऱ्यावर या चारही भरपूर! होडीचा दोर किती दिवस वापरायचा हे आपल्या रापणकाराला कोणी शिकवावे लागत नाही. तो हाताने चाचपतो आणि टाकून देतो. पॅराग्लायडरच्या दोऱ्यांना मात्र नुसते चाचपणे पुरत नाही. किती तास उडाला याची नोंद, ठरावीक काळाने ताण देऊन तपासणी, आणि वेळ भरली की चांगली दिसणारी दोरीही बदलणे, असा शिस्तीचा कारभार लागतो. परवाना म्हणजे कागदाचा तुकडा नव्हे, तो याच कारभाराचा पुरावा असतो. तो नसला म्हणजे ही नोंद, ही तपासणी कोणी मागितलेलीच नसते. 'दोर तुटला' या तीन अक्षरी आणि दोन अक्षरी शब्दांमागे इतक्या गोष्टी असू शकतात.

पालकांना येथे एक विनंती. आपली मुले पर्यटक म्हणून उडण्याची शक्यता थोडी, पण या धंद्यात हाताखाली काम करण्याची शक्यता पुष्कळ. कड्यावर पंख पसरून धरणे, हार्नेसचे पट्टे बांधणे, गिऱ्हाईक आणणे ही कामे हंगामात आपल्याच गावची पोरे करतात. दोन पैसे मिळतात, त्यात वाईट काही नाही. पण पट्टा बांधणारा हातही त्या पहिल्या मिनिटाचा भागीदार आहे. पोराला कोणी शिकविले आहे काय, चालकाकडे पर्यटन खात्याची परवानगी आहे काय, दोऱ्यांच्या तपासणीची वही आहे काय, वारा वाढला की काम थांबते काय, एवढे तरी विचारावे. आणि उत्तर हसण्यावारी नेले गेले, तर पोराला दुसऱ्या दिवशी पाठवू नये.

आता सगळ्यांशी संबंध येणारी बाब. उडणाऱ्या विमानाचे पहिले मिनिट विमानतळाच्या कुंपणात संपत नाही, ते शेजारच्या गावांवरून जाते. मराठवाड्याने याचा अनुभव घेतला आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी त्या वेळच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून ११८ जणांना घेऊन मुंबईला निघालेले बोईंग ७३७ विमान धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळले. पुढे ते विजेच्या तारांना धडकले आणि कोसळले. ५५ माणसे गेली. वैमानिकाने विमान उशिरा उचलले, असे चौकशीत निघाले. पण विमान उडण्याच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक अडविण्याची व्यवस्था नव्हती, हेही निघाले. एप्रिलचा कडक उन्हाळा होता. तापलेली हवा विरळ असते, पंखाला आणि इंजिनाला तिच्यातून कमी मिळते. एवढ्या सगळ्या गोष्टींत कापसाच्या ट्रकचे काय ते निमित्त! पण निमित्त नसते, तर? १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला उड्डाणानंतर अर्ध्या-पाऊण मिनिटातच एअर इंडियाचे मोठे विमान कोसळले. त्याची कारणे आपल्या आजच्या विषयाबाहेरची आहेत. पण ते पडले वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर, आणि तेथे जेवायला बसलेली मुलेही गेली, हे विसरता येत नाही.

मोपाच्या सड्यावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. भूगोलाच्या तासाला एक काम करा. उत्तर गोव्याच्या नकाशावर मोप्याला कंपासचे टोक ठेवा आणि नकाशाच्या प्रमाणाने १० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. पेडणे शहर आत येते. सीमेपलीकडचे बांदाही आत येते. डिचोली बाहेर राहते. देशाच्या विमान नियमांत विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे आणि पक्षी जमतील असा कचरा, मासळीची घाण, मांसाची टाकाऊ अंगे टाकणे याला मनाई आहे. आता बाजाराच्या दिवशी संध्याकाळी रस्त्याकडेला पाहा. मासळीचे पाणी, कोंबडीची पिसे, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. घार दोन-अडीच पावशेराची असेल. पण ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाशी तिची गाठ पडते तेव्हा तिचा मार नुसत्या वजनावर नव्हे, वेगाच्या वर्गावरही ठरतो. गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा.

विश्वस्त मंडळींसमोरही हा विषय ठेवावासा वाटतो. शाळेच्या आवारातील माध्यान्ह आहाराचे उष्टे, स्नेहसंमेलनानंतरचा कचरा, चवथीला उडणारी आतषबाजी, हल्ली मुलांच्या हाती सर्रास आलेले लेझरचे हिरवे दिवे, यांबद्दल ग्रामपंचायतीने किंवा विमानतळाने सांगेपर्यंत थांबायला नको. लेझरचा दिवा तुम्हाला बारीक ठिपका दिसतो. रात्री उतरणाऱ्या वैमानिकाच्या काचेवर तो पसरतो आणि काही क्षण त्याला समोरचे दिसेनासे होते. मोपा विमानतळाला जमिनी गेलेल्या कुटुंबांची मुले आपल्या शाळांत आहेत, त्यांच्या मनात विमानतळाविषयी कडवटपणा असणे मी समजू शकतो. पण विमानात बसलेला माणूस आणि विमानाखाली राहणारा माणूस, या दोघांचे हित या बाबतीत एकच आहे.

अपघात झाल्यावर काय होते, हेही थोडक्यात सांगतो. भारतात विमान अपघातांच्या तपासासाठी २०१२ पासून स्वतंत्र विभाग आहे. बातम्यांत त्याला 'एएआयबी' म्हणतात. कोणाला शिक्षा द्यावी हे ठरविणे हा त्या तपासाचा हेतू नसतो. पुन्हा तसे घडू नये, एवढाच हेतू. शिक्षेचे काम पोलीस आणि न्यायालय करतात. शाळेत फळा फुटला की आपण प्रथम विचारतो, 'कोणी फोडला?' तपासणारे विचारतात, 'खिळा कधीपासून सैल होता?' दोन्ही प्रश्न हवेत. पण दुसरा आपण क्वचित विचारतो, हे मान्य करायला हवे.

शेवटी एक प्रयोग. जुन्या वहीच्या कागदाचे नेहमीचे विमान करा आणि नाकाला एक कागदाची क्लिप लावा. खांद्याच्या उंचीवरून हळूच सोडा, किती पावले गेले ते मोजा. आता क्लिप काढून टाका आणि शेपटीची कड किंचित वर दुमडा. विमान नाक वर करील, क्षणभर थांबल्यासारखे होईल आणि नाकावर खाली येईल. हाच स्टॉल. आता तेच विमान शिक्षकांच्या देखरेखीखाली पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सोडा. कठड्यावर कोणीही वाकायचे नाही, खाली कोणी उभे नाही याची आधी खात्री करायची. पुष्कळदा दिसेल की खाली झेपावल्यावर विमान वेग घेते आणि पुन्हा सावरते. खांद्यावरून सोडलेल्याला ते जमले नव्हते. कागद तोच, घडी तीच. प्रत्येक उंचीवरून दहा वेळा सोडून किती वेळा सावरले याचा तक्ता करावा आणि आपल्या विज्ञान शिक्षकांकडे द्यावा. सातवीच्या वरच्या मुलांनी क्लिपची जागा बदलून तोच तक्ता पुन्हा करून पाहावा.